पैसा कुणाच्या नावावर?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचे तालुके आठ. त्यातले देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे विशेषकरून जंगलाचे आणि तलावांचे. या भागातल्या लहानमोठ्या संघटनांचे हिशेब लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. दारूबंदीसाठी झटणाऱ्या बाया, जंगलहक्काचे दावे तयार करणारी तरुण मुले, तलावाच्या ठेक्यासाठी भांडणारे ढिवर, रोजगार हमीची थकलेली मजुरी मागणारे मजूर, असे नाना तऱ्हेचे लोक वह्या घेऊन येत. प्रत्येकाचे गाऱ्हाणे निराळे; पण पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असे, "भाऊ, पैसे त आले, पन ठेवाचे कोनाच्या नावानं?"

आज या एका प्रश्नाबद्दलच बोलणार आहे. तो वरवर हिशेबाचा दिसतो. पण स्वातंत्र्याच्या चळवळीपासून आजच्या ग्रामसभेपर्यंत ज्यांनी ज्यांनी लोकांचे काम हाती घेतले, त्या सगळ्यांना तो पडला आहे, आणि त्याचे उत्तर कसे दिले गेले यावर काही चळवळी तगल्या, तर काही मोडल्या.

आधी अडचण समजून घेऊ. गावातल्या वीस बायांनी एकत्र येऊन दारूच्या दुकानाविरुद्ध मोर्चा काढायचा ठरवला, तर त्यांना कुणाची नोंदणी लागत नाही. एकत्र येण्याचा हक्क राज्यघटनेनेच दिला आहे. पण त्यांच्या कामावर खूश होऊन कुणी त्यांच्या गटाच्या नावाने धनादेश दिला, की बँकेच्या खिडकीवर पहिला अडसर उभा राहतो. त्या नावाचे खातेच नसते. खाते उघडायला नोंदणीचे प्रमाणपत्र हवे. ते मिळवायचे तर १८६० चा संस्था नोंदणीचा कायदा, निदान सात सभासद, उद्देशपत्र आणि नियमावली हवी. महाराष्ट्रात अशा संस्थेची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखालीही नोंद करावी लागते. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण, पदाधिकारी बदलला की चेंज रिपोर्ट, शिवाय आयकर खात्याचे कागद वेगळे. लढा सहा महिन्यांचा असतो. नोंदणीचे ओझे मात्र कायमचे. दरम्यान धनादेशाची तीन महिन्यांची मुदत टळून जाते.

यावर एक व्यवहारी मार्ग आहे. आधीच नोंदलेल्या, विश्वासातल्या एखाद्या संस्थेने त्या गटाचे पैसे आपल्या खात्यात घ्यायचे. पावती तिची, लेखापरीक्षण तिचे, सरकारदरबारी उत्तरदायी तीच. पण आतल्या वहीत त्या गटाचे पान वेगळे. खर्च गटाने ठरवायचा, व्हाउचर गटाने आणायचे, आणि संस्थेने आपल्या कारकुनी कामापोटी ठराविक टक्के रक्कम घ्यायची. अमेरिकेत या पद्धतीला ‘फिस्कल स्पॉन्सरशिप’ असे नाव आहे. ग्रेगरी कॉल्विन नावाच्या वकिलांनी १९९३ मध्ये तिचे सहा प्रकार सांगणारे पुस्तकच लिहिले. न्यूयॉर्कमध्ये ए. जे. मस्टी या शांततावादी कार्यकर्त्याच्या नावाने १९७४ मध्ये एक संस्था निघाली. मस्टी जन्माने हॉलंडचे. युद्धविरोध आणि कामगार चळवळ यांत त्यांचे आयुष्य गेले आणि १९६७ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाच्या संस्थेने शांतता आणि सामाजिक न्यायासाठी धडपडणाऱ्या कितीतरी लहान गटांचे पैसे असे सांभाळले. आपल्याकडे या रीतीला रूढ नाव नाही. मी तिला ‘हिशेबाची छत्री’ म्हणतो. नाव नसले तरी रीत मात्र आपल्याकडे जुनी आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंडा’ची कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभारायचा. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. एका पैशाचा देणगीदार काही कारखान्याच्या सभेला येणार नव्हता. त्याने पैसा दिला तो माणसांच्या नावाकडे बघून. सार्वजनिक पैशाचे आपले पहिले तारण हे असे होते. कागदापेक्षा माणसाची पत मोठी.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे जमनालाल बजाज. पुढे दीर्घकाळ ते काँग्रेसचे खजिनदार राहिले. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ३० जूनच्या आत एक कोटी रुपये जमवायचे ठरले आणि ते जमले. खेड्यापाड्यांतून आलेली ही वर्गणी सांभाळायला व्यापाराची शिस्त आणि सचोटी दोन्ही लागत होत्या. बजाजांकडे त्या होत्या. पण पैसा सांभाळणाऱ्याच्या वाट्याला केवळ मान येत नाही. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना कैद आणि दंड झाला. दंडाच्या वसुलीसाठी त्यांची मोटार जप्त झाली, तेव्हा नागपुरात ती लिलावात घ्यायला कुणी पुढे आले नाही, असे सांगतात. १९३२ मध्ये तर सरकारने वटहुकूम काढून बेकायदा ठरवलेल्या संघटनांचा पैसा जप्त करण्याचा अधिकारच हाती घेतला. छत्री धरणारा स्वतः भिजतो, हे तेव्हापासून दिसत आले आहे.

त्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुसरा रस्ता धरला. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाले ते राजर्षी शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. एका उदार माणसाच्या मदतीवर पत्र सुरू होऊ शकते, पण काम वर्षानुवर्षे चालायला संस्था लागते, हे त्यांनी ओळखले असावे. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १८६० च्या कायद्याखाली तिची रीतसर नोंदणी केली. अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखे नामवंत कायदेपंडित होते, कार्यकारी मंडळाची धुरा स्वतः बाबासाहेबांकडे. १९२५ च्या जानेवारीत सभेचे सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. ज्या समाजाला सावकार दारात उभे करत नव्हता, त्या समाजाच्या नावाने आता पावती फाटू लागली. नोंदणीचा कागद कधीकधी प्रतिष्ठेचाही असतो, हे आपल्यासारख्या हिशेबनिसांनी विसरू नये. अर्ज भरताना कंटाळलेल्या कार्यकर्त्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगत असे.

स्वातंत्र्यानंतरची सर्वांत बोधप्रद कथा आपल्याच विदर्भात राहणाऱ्या एका माणसाची आहे. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ देशभरातून वर्गणी गोळा झाली आणि गांधी स्मारक निधी उभा राहिला. पवनारच्या विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत पहिले भूदान घेतले. चळवळ पसरली, प्रांतोप्रांती भूदान समित्या झाल्या, पूर्णवेळ कार्यकर्ते आले. त्यांचे पोट कसे चालणार? गांधी स्मारक निधीने समित्यांना पैसा दिला. म्हणजे भूदान ही जमीनदाराच्या दारात उभी राहणारी चळवळ, आणि तिचा खर्च एका मोठ्या, प्रतिष्ठित निधीच्या खात्यातून. छत्री भक्कम होती.

विनोबांना तीच टोचू लागली. नोव्हेंबर १९५६ मध्ये आजच्या तमिळनाडूतील पळणी येथे सर्व सेवा संघाने निर्णय घेतला. भूदान समित्या विसर्जित करायच्या आणि गांधी निधीचा पैसा घेणे थांबवायचे. ‘निधिमुक्ती’ आणि ‘तंत्रमुक्ती’ हे शब्द तेव्हाचे. कार्यकर्त्याने ज्या लोकांत काम करायचे त्यांच्याच घासातला घास खायचा, हा त्यामागचा विचार. पुढे शांतिसेनेच्या काळात सर्वोदय पात्राची कल्पना आली. प्रत्येक घरात एक मडके ठेवायचे, त्यात घरातल्या लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य टाकायचे, आणि ते या कामासाठी द्यायचे. मूठ मुलाची ठेवण्यात मोठी समज होती. गरिबालाही ती झेपते, आणि मुलाला देण्याची सवय लागते.

विचार सुंदर होता. व्यवहारात मात्र अनेक कार्यकर्त्यांना घरी परतावे लागले, काहींनी खादी संस्थांत नोकरी धरली. मडके रोज भरायचे तर ते रोज उचलायला माणूस लागतो, आणि त्या माणसाचे पोट पुन्हा त्या मडक्यावरच. मी विनोबांना दोष देत नाही. दुसऱ्याच्या पैशावर उभी असलेली चळवळ हळूहळू त्या दुसऱ्याच्या सोयीने चालू लागते, हा धोका त्यांना दिसला होता, आणि तो खरा होता. पण छत्री फेकून दिली की पाऊस थांबत नाही, हेही तितकेच खरे.

हा पाऊस पुढे राज्यकर्त्यांकडून आला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. १९८२ मध्ये केंद्र सरकारने न्यायमूर्ती कुदाल यांचा चौकशी आयोग नेमला. गांधी शांती प्रतिष्ठान, सर्व सेवा संघ, ‘अवार्ड’ यांसारख्या संस्थांचा कारभार आणि पैसा त्याने तपासायचा होता. जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनाशी या संस्थांचा संबंध होता, हे सगळ्यांना माहीत होते. आयोग १९८७ पर्यंत चालला. मोठ्या संस्थेच्या आश्रयाने लहान गट काम करतात, तेव्हा चौकशी मोठीची होते आणि धास्ती लहानांना बसते, हे त्या पाच वर्षांनी दाखवले. आमच्या धंद्यात एक शहाणपण त्यातून आले. व्हाउचर त्याच दिवशी लिहावे, त्यावर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असावा, आणि ते कुणाच्याही पुढ्यात ठेवता यावे.

याच दशकात महाराष्ट्राने आपली एक वेगळी वाट काढली. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा राहिला. आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग नामवंत नटनट्यांनी गावोगाव केले आणि त्यातून पैसा जमवला. त्या निधीतून परिवर्तनाच्या चळवळींत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचे, अशी योजना होती. यातले मर्म लक्षात घ्या. निधीने चळवळी चालवल्या नाहीत, त्यांना कार्यक्रम आखून दिले नाहीत. कार्यकर्त्याच्या घरातली चूल पेटती ठेवायची, बाकीचे त्याने आणि त्याच्या लोकांनी ठरवायचे. आणि पैसा आला तो नाटकाचे तिकीट काढणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्या माणसाकडून.

परदेशातल्या मराठी माणसांनीही या प्रश्नाला हात घातला. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९७८ मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन केले. तिकडून इकडच्या सामाजिक कामांना मदत आणि पुढे साहित्य व समाजकार्याचे पुरस्कार सुरू झाले. या पुरस्कारांच्या संयोजनाचे काम इथल्या विश्वस्त संस्थांनी केले; साधना ट्रस्ट त्यातलाच एक. तिकडे देणारा, इकडे काम करणारा, आणि मध्ये दोघांच्याही विश्वासातली संस्था. हीसुद्धा छत्रीच.

आता पुन्हा गोंदियाकडे येऊ. या जिल्ह्यात पैशाच्या आधी पाण्याच्या नावाचा प्रश्न होता. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. कोहळी लोकांनी बांधलेले असे शेकडो तलाव आणि बोड्या भंडारा-गोंदियात आहेत. मालगुजारी होती तोवर तलाव मालगुजाराच्या नावावर. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारच्या नावावर गेले. पिढ्यान्‌पिढ्या त्यात जाळे टाकणाऱ्या ढिवरांच्या नावावर ते कधीच नव्हते. मासेमारीचा ठेका हवा तर मच्छीमारांची नोंदणीकृत सहकारी संस्था हवी. तशा संस्था झाल्या, पण सभासद बहुतेक पुरुष. मासळी डोक्यावर घेऊन बाजारात विकणाऱ्या बाईचे नाव बहुतेक ठिकाणी त्या वहीत नव्हते. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेऊन तलावांतली बेशरम काढण्याचे आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले, त्यात बायांचा वाटा मोठा. मंडळाच्या नावात अजून जुना भंडारा जिल्हा आहे. कामाची जागा गोंदियात. अशा नोंदलेल्या संस्थेचा आधार असला की नाव नसलेल्या गटालाही काम सुरू करता येते.

बायांच्या बाबतीत खरा पालट झाला तो १९९० नंतर. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि १९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नोंदणी नसलेल्या बचत गटालाही बँकेत बचत खाते उघडू द्यायला परवानगी दिली. ही बातमी तेव्हा कुठे पहिल्या पानावर आली असेल, असे मला वाटत नाही. पण माझ्या मते आपल्या खेड्यांच्या अलीकडच्या इतिहासातले हे फार मोठे पाऊल आहे. दहा-वीस बायांच्या गटाचे नाव, कुठल्याही निबंधकाच्या दारी न जाता, पासबुकावर छापले गेले. नवऱ्याचे नाही, संस्थेच्या अध्यक्षाचे नाही, गटाचे. महिला आर्थिक विकास महामंडळाने पुढे या गटांची लोकसंचालित साधन केंद्रे उभी केली. गट सेवाशुल्क देतात आणि केंद्र त्यांच्या वह्या, लेखे, बँकेचे कागद यांत मदत करते. छत्री इथेही आहे, पण दांडा बायांच्याच हातात.

दुसरा पालट जंगलात झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क दिला आणि तेंदूपत्ता, बांबू यांसारख्या गौण वनोपजावर मालकी दिली. शेजारच्या गडचिरोलीतल्या बऱ्याच भागात पेसा कायदाही लागू आहे. गोंदिया अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून इथल्या ग्रामसभांचा आधार वनहक्क कायदा हाच. त्याआधी तेंदूचा लिलाव वनखाते करी, ठेकेदार फड लावी, आणि ऐन उन्हाळ्यात पहाटे उठून पाने तोडणाऱ्या, सत्तर पानांचे पुडे बांधणाऱ्या बाईला पुड्यांच्या शेकड्यावर मजुरी मिळे. भाव ठरवताना तिला कुणी विचारत नसे.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने रस्ता दाखवला होता. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या त्या गावाने, ग्रामसभेच्या नावावर पैशाचा व्यवहार करता येत नाही हे पाहून, पूर्वीच गावातल्या सगळ्या प्रौढांना सभासद करून एक संस्था नोंदवली होती. म्हणजे छत्रीही स्वतःची शिवली. २०११ मध्ये त्याच ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक आले. २०१२ च्या सुधारित नियमांनी असा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आणला.

२०१३ च्या हंगामात गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूपत्ता स्वतः विकला. नागपूरच्या विदर्भ नेचर कॉन्झर्वेशन सोसायटीने त्यांना मदत केली. एकट्या गावाकडे व्यापारी फिरकत नाही. गावे एकत्र आली की निविदा निघते, व्यापारी येतो, भाव बोलला जातो. पुढे देवरी भागात ग्रामसभांचा महासंघही झाला. या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती संस्थेने घेतलेली जागा. ती शेजारी उभी राहिली. निविदा कशी काढायची, करारात काय लिहायचे, हिशेब कसा ठेवायचा हे तिने सांगावे, विक्री ग्रामसभेची. ठेकेदाराच्या फडावर मजूर म्हणून बसणारी माणसे त्या वर्षी विकणारी झाली.

हे सगळे सांगितल्यावर कुणी म्हणेल, मग आता छत्रीची गरज संपली. तसे नाही. बचत गटाला खाते मिळाले, ग्रामसभेला कायद्याने नाव मिळाले. पण दारूबंदीचा गट, हिंसाचारात सापडलेल्या बायांना आधार देणारा गट, दोन समाजांत तेढ वाढली की मध्ये पडणारे शांततेचे मंडळ, यांना आजही कुठले नाव नाही. उलट नियम कडक होत गेले. २०१० च्या परदेशी देणगी कायद्यात नोंदलेल्या एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे काही अटींवर पैसा देता येत होता. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ते पूर्ण बंद झाले. परदेशी देणगी घ्यायचे खातेही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उघडावे लागते, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. मोठ्या शहरातल्या संस्थेकडून देवरी-सालेकशाच्या गटाकडे झिरपणारा परदेशी पैसा त्यामुळे आटला. देशी पैशाचे म्हणाल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करायला लावले; पण १ एप्रिल २०२१ पासून तो घेणाऱ्या संस्थेलाही वेगळी नोंदणी लागते. कंपनीच्या कचेरीतून निघालेला पैसा नाव नसलेल्या गटापर्यंत थेट पोचणे कठीण. म्हणून नोंदलेल्या, स्थानिक, देशी वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांची जबाबदारी आज वाढली आहे.

आणि इथेच सावध राहायचे. माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. बायांच्या एका गटाचे पैसे एका संस्थेच्या खात्यात होते. पैशात एक रुपयाची अफरातफर नव्हती. पण बायांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा न्यायचे ठरवले, तेव्हा संस्थेच्या चिटणिसांनी निरोप धाडला, ‘‘बाई, या वर्षी जाऊ नका, आपले अनुदान अडकेल.’’ बायांपुढे दोन वाटा होत्या. मोर्चा सोडायचा किंवा पैसा सोडायचा. त्यांनी मोर्चा नेला. परतल्यावर आपसांत वर्गणी करून त्यांनी जीपचे भाडे भागवले. दुसऱ्या एका ठिकाणी संस्थेच्या विश्वस्तांत भांडण लागले, प्रकरण धर्मादाय कार्यालयात गेले, खाते थांबले, आणि त्यात एका मजूर गटाचे पैसे अडकून पडले. गटाकडे लिहिलेला एक कागद नव्हता. सगळे बोलण्यावर होते.

विनोबांनी १९५६ मध्ये ज्याची धास्ती घेतली ती हीच. पैसा दुसऱ्याच्या खात्यात ठेवणे ही लहान गटाची गरज आहे. त्याबरोबर निर्णयही दुसऱ्याच्या हाती जाणे ही गरज नाही. तो सवयीने, संकोचाने आणि कागद न केल्याने जातो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या गटांना मी पाच गोष्टी विचारायला सांगत असे. एक, आपले काम त्या संस्थेच्या उद्देशपत्रात बसते का? विश्वस्त संस्थेला आपल्या उद्देशाबाहेर खर्च करता येत नाही, आणि ते न बसल्यास उद्या दोघेही अडचणीत येतील. दोन, आपल्या पैशाचे पान तिच्या वहीत वेगळे आहे का, आणि ते दर महिन्याला बघता येईल का? तीन, कारकुनी खर्चापोटी ती किती टक्के घेणार, हे आधी ठरले का? चार, खर्च कुणाच्या ठरावाने होणार? पाच, उद्या आपण वेगळे व्हायचे ठरवले किंवा संस्थेतच भांडण लागले, तर उरलेला पैसा कुठे जाईल? ही पाच उत्तरे एका कागदावर, दोन्हीकडच्या सह्यांनिशी असावीत. संस्थेची माणसे चांगली असतील तर त्यांना याचा राग येत नाही. उलट त्यांच्याही डोक्यावरचा भार उतरतो.

आणि सहावी गोष्ट गटाने स्वतःसाठी करायची. हिशेब वाचून दाखवायचा. देवरी भागातल्या एका गावी मी ग्रामसभेत बसलो होतो. तेंदूच्या हंगामाचा जमाखर्च एका मुलीने उभे राहून वाचला. मजुरी इतकी, पोत्यांचा खर्च इतका, राखणदाराचे इतके. मध्येच एका म्हाताऱ्या बाईने हात वर करून विचारले, ‘‘पोरी, राखनदाराले दोन मयन्याचे देल्ले का तीनचे?’’ मुलीने वहीत पाहून सांगितले, दोनचे. बाई म्हणाली, बरोबर आहे, आणि खाली बसली. तिला सही येत नव्हती. पण सभेतल्या कुणालाही, कधीही, असा प्रश्न विचारता येतो आणि त्याला वहीतून उत्तर मिळते, तिथे पैसा कुणाच्या खात्यात आहे याची फार काळजी करावी लागत नाही.